धाक कुणाला बसतो?

एखाद्या अमानुष गुन्ह्याची बातमी आली की आपल्याकडे रांझ्याच्या पाटलाची आठवण निघतेच. २८ जानेवारी १६४६ चे ते शिवकालीन पत्र प्रसिद्ध आहे. बदअमल करणाऱ्या पाटलाचे हातपाय तोडल्याची नोंद त्यात आहे. मोर्चातल्या फलकावर, वाहिनीवरच्या चर्चेत, टपरीवरच्या गप्पांत मागणी एकच असते : चौरंग करा, भर चौकात लटकवा, म्हणजे पुढच्याची छाती होणार नाही. ही भावना कायद्यापर्यंतही पोचते. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात स्त्रियांवरील अत्याचाराच्या काही गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद होती.

या मागणीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक संताप : केले त्याची पुरती फेड झाली पाहिजे. तो मला समजतो, आणि न्यायात त्याला जागा आहे असेच मी मानतो. दुसरी गोष्ट म्हणजे एक अंदाज : शिक्षा पाहून पुढचा घाबरेल. हा अंदाज माणसाच्या मनाविषयीचा आहे, आणि गेली जवळपास सत्तर वर्षे तो प्रयोगशाळांत आणि तुरुंगांत तपासला जातो आहे. त्यातून दिसते ते असे, की ज्यांना डोळ्यांपुढे ठेवून आपण शिक्षा वाढवत नेतो त्यांच्यातल्या सर्वांत धोकादायक माणसांना तिचा धाक सर्वांत कमी बसतो. तो बसतो तुमच्या-माझ्यावर, आणि आपण तसेही ते कृत्य करणार नव्हतो. मात्र ‘त्यांना भीतीच नसते’ हे त्याचे कारण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे जास्त कामाचे आहे.

आधी माणसे कोणती ते सांगितले पाहिजे. वारंवार कायदा मोडणे, थापा मारणे, भडकून हात उगारणे, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसणे, झाल्याचा पस्तावा नसणे, आणि या सगळ्याची सुरुवात पंधरा वर्षांच्या आतच झालेली असणे, असा नमुना दिसला की मनोविकारतज्ज्ञ त्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात. मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या तुरुंगांच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा जवळपास निम्मे पुरुष कैदी या व्याख्येत बसले. म्हणजे जाळे फार मोठे. त्यात भुरटा चोरही सापडतो. त्याहून लहान आणि थंड वर्तुळ सायकोपॅथांचे. हर्व्ही क्लेकली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ मध्ये ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या पुस्तकात त्यांचे चित्र रेखाटले : बोलायला गोड, बुद्धी ठीकठाक, भ्रम-भास काही नाहीत, पण आत ना लाज ना माया, आणि आयुष्यभर तीच ती ठेच त्याच त्या दगडाला. कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी पुढे वीस मुद्द्यांची तपासयादी केली. प्रत्येक मुद्द्याला जास्तीत जास्त दोन गुण, आणि चाळीसपैकी तीस पडले की माणूस सायकोपॅथ. या तीसच्या रेघेला फार पवित्र मानू नये. गुण सलग चढत जातात. एकोणतीसवाला काही साधू नसतो.

क्लेकलींच्या चित्रातली ती ठेच हेच मोठे कोडे होते. डोके शाबूत असलेला माणूस झालेल्या शिक्षेपासून शिकत का नाही? मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड लिकन यांनी १९५७ मध्ये त्यावर एक साधे यंत्र लढवले. कैद्यासमोर एक पेटी, पेटीवर चार खटके. एकूण वीस टप्पे, आणि दर टप्प्याला एकच खटका बरोबर. तो सापडला की पुढे जायचे. उरलेल्या तीन चुकीच्या खटक्यांपैकी एक दाबला की विजेचा झटका. सांगितलेले काम एवढेच, की रस्ता पाठ करा. झटका चुकवा असे कुणी बजावलेले नव्हते. ते अंगानेच शिकायचे. रस्ता सगळ्यांनी सारखाच पाठ केला. बाहेरचे साधे लोक चुकायचे तेव्हाही हळूहळू झटक्याविना चुकू लागले. सायकोपॅथ मात्र झटक्याच्या खटक्यावर जातच राहिले.

१९६५ मध्ये हेअर यांनी याचीच दुसरी बाजू दाखवली. कैद्याच्या बोटांना घाम मोजणारे यंत्र लावायचे आणि सांगायचे, आता एकामागून एक आकडे दिसतील, आठवा आकडा आला की झटका बसेल. आपल्यासारख्याची बोटे चारपाच आकड्यांपासूनच ओली व्हायला लागतात. सायकोपॅथांची जवळजवळ कोरडीच राहिली. झटका त्यांना लागत नव्हता असे नाही. तो यायच्या आधी अंगावर चढत नव्हता. शिक्षेचा धाक म्हणजे हाच तर आगाऊ घाम.

ही कोरडी बोटे किती लवकर दिसू शकतात, याचा सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा मॉरिशसचा आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांचे हे बेट. कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही त्यात होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. तिथल्या दोन गावांतील १७९५ मुलांची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, वयाच्या तिसऱ्या वर्षी तपासणी झाली. त्यांतली बहुसंख्य भारतीय वंशाची होती. एक सूर वाजवायचा, त्यामागून कर्कश आवाज करायचा, असे काही वेळा झाले की नुसत्या सुरानेच मुलाच्या बोटांना घाम येतो का ते पाहायचे. वीस वर्षांनी न्यायालयाच्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा १३७ जणांवर गंभीर गुन्हे सापडले. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत या गटाची बोटे, सरासरीने, त्या सुराला ओळखत नव्हती.

असा निष्कर्ष वाचला की दोन वाईट इच्छा एकदम जाग्या होतात : कुणाला बालवाडीतच शिक्के मारावेसे वाटतात, आणि कुणाला वाटते की जन्माचाच खोटा, त्याला कोण काय करणार. महाराष्ट्राला या दोन्ही इच्छांचा परिणाम पाठ असायला हवा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्या अनेक भटक्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी लावायला लावली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला तरी तो शिक्का पोलिसांच्या डोक्यातून गेलेला नाही. शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. कोरड्या बोटांची कितीतरी पोरे सरळमार्गी निघतात. लिकन तर म्हणायचे की निर्भय पोर हे कच्चा माल असते. त्याचा शूर शिपाई होतो की गुंड, हे घरात त्याला कोण भेटले यावर जाते. मॉरिशसमध्येच काही मुलांना तीन ते पाच या वयात चांगला आहार, व्यायाम आणि नीट बालवाडी मिळाली होती. ती मोठी झाली तेव्हा इतरांपेक्षा त्यांच्यात उनाडपणा आणि गुन्हे कमी होते. कायदा तोच, तुरुंग तोच.

आता उरलेले अर्धे. १९७० मध्ये फ्रँक श्माउक यांनी लिकनचा प्रयोग थोडा बदलून केला. झटक्याच्या जागी त्यांनी आणखी दोन शिक्षा करून पाहिल्या : एक, समोरच्याने नापसंती दाखवायची, दुसरी, कैद्याला दिलेल्या पैशांतून नाणे काढून घ्यायचे. झटका आणि नापसंती यांना सायकोपॅथांनी पूर्वीसारखीच भीक घातली नाही. पण पैसे जायला लागल्यावर ते इतरांइतकेच चटकन शिकले! म्हणजे शिक्षेचे केंद्रच मेलेले आहे हे खरे नाही. त्यांना सलते ते सलते; फक्त आपण जे सलेल असे धरून चालतो ते नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्यावर आपले निम्मे समाजजीवन उभे आहे, आणि नेमके तेच त्यांच्या बाबतीत निकामी ठरते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोसेफ न्यूमन यांनी हा धागा आणखी ओढला. १९८७ चा त्यांचा पत्त्यांचा खेळ मला या साऱ्या संशोधनातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. कैद्यासमोर पडद्यावर एकेक पान उलटते. राजा-राणी-गुलाम आला की पाच सेंट मिळतात, आकड्याचे पान आले की पाच सेंट जातात. पाने शंभर, आणि कधीही थांबायची मुभा. कैद्याला माहीत नसते ते एवढेच, की गड्डी लावलेली आहे. पहिल्या दहा पानांत नऊ जिंकणारी, पुढच्या दहांत आठ, मग सात. असे उतरत उतरत शेवटच्या दहांत दहाही हरणारी. सुरुवातीला हात गरम होतो, मग हळूहळू खिसा हलका होऊ लागतो. साधा कैदी कधीतरी म्हणतो, पुरे. सायकोपॅथ कितीतरी पुढे खेळत जातो आणि आधी कमावलेलेही घालवून बसतो. आणि जाते आहे ते पैसेच, म्हणजे श्माउककडे त्याला सलणारीच गोष्ट.

फरक कशाने पडला? न्यूमननी एका गटासाठी खेळात एक किरकोळ बदल केला. प्रत्येक पानानंतर आतापर्यंतची हारजीत पडद्यावर दिसेल, आणि पाच सेकंद थांबल्याशिवाय पुढचे पान उलटता येणार नाही. बस, एवढेच. त्या गटातले सायकोपॅथ इतरांसारखेच वेळेवर थांबले.

त्याच्या आदल्या वर्षी न्यूमन आणि कॉसन यांनी दाखवले होते की नुसती शिक्षाच समोर असली तर सायकोपॅथ ती टाळायला इतरांइतकेच शिकतात. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही एकत्र आली की मात्र कच्चे पडतात. पुढे २०१० मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी कैद्यांना पडद्यावर रंगीत अक्षरे दाखवली. लाल रंगाचे अक्षर आले की झटका बसण्याची शक्यता. ‘रंग कोणता ते सांगा’ म्हटल्यावर सायकोपॅथही इतरांइतकेच दचकले. लक्ष रंगावरून अक्षराकडे वळवायला लावले, आणि दचकणे गेले. लाल रंग डोळ्यांपुढे होताच. टांग्याच्या घोड्याला झापडे लावली की रस्त्याकडेचे काही त्याच्यापर्यंत पोचत नाही, तसे इथे हातातले काम किंवा समोरचे आमिषच झापड होते. एकदा नजर त्यावर खिळली की बाजूने येणारी शिक्षा मनात उतरत नाही.

यावर तज्ज्ञांत एकमत आहे असे समजू नये. जेम्स ब्लेअर आणि इतरांचा भर मेंदूतल्या अमिग्डला या भागाच्या जन्मजात मंदपणावर आहे, आणि मुलांवरच्या अभ्यासांत त्याला आधारही मिळतो. आमिषाची बाजू जोशुआ बकहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवली : बेछूटपणाचे, समाजविघातक गुण ज्यांच्यात जास्त होते त्या सामान्य माणसांच्या मेंदूत उत्तेजक औषधाने डोपामिन जास्त उसळले, आणि पैसे मिळण्याची नुसती चाहूल लागली तरी बक्षिसाचे केंद्र जास्त पेटले. मेंदूच्या रंगीत चित्रांनी भारावून जायची आपल्याला सवय लागली आहे. लहान गटांवरच्या अशा निष्कर्षांना मी पुष्टी मानतो, पाया नव्हे. पाया पाच सेकंदांच्या त्या थांब्यात आहे.

आणखी एक गट इथे विसरून चालणार नाही, कारण आपल्याकडचे बहुतेक ‘सराईत’ कदाचित त्यातलेच असावेत. त्यांची बोटे कोरडी नसतात, उलट जास्तच ओली असतात. लहानपणी मार खाल्लेला, वाऱ्यानेही दचकणारा, अपमान झाला की डोके फिरणारा हा माणूस. त्याला शिक्षा लागते, फार लागते, पण भीती होऊन लागत नाही. राग होऊन लागते. थंड्याला पट्टा दाखवला तर तो पट्ट्याकडे बघत नाही, गरम डोक्याच्याला दाखवला तर तो चवताळतो. पट्टा वाया दोन्हीकडे जातो, कारणे उलटी. ‘मार खाऊन खाऊन कोडगा झालाय’ हे आपण पोराच्या देखत म्हणतो आणि तरी पुन्हा पट्टाच काढतो.

हे सगळे घेऊन आपल्या न्यायव्यवस्थेकडे पाहिले तर काय दिसते? बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवले की शिक्षेचा दरारा तिच्या कठोरपणापेक्षा ती नक्की आणि लवकर होण्यात असतो. गुन्हेशास्त्रातले आजचे बहुसंख्य पुरावे निदान ‘नक्की’ या शब्दाला दुजोरा देतात. आपल्याकडे उलटे आहे. तुरुंगांतले चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे निकाल न लागलेले. ज्याला पडद्यावरचा लाल रंग दोन सेकंदांत झटक्याशी जोडता येत नाही, त्याने आज केलेल्या कृत्याला आठ वर्षांनी लागणाऱ्या निकालाशी जोडावे अशी आपली अपेक्षा. त्या निकालात जन्मठेपेच्या जागी फाशी लिहिले म्हणून मधली आठ वर्षे आखूड होत नाहीत. आणि बलात्कारालाही फाशी असली तर साक्षीदार संपवून टाकायचा मोह वाढतो, ही भीती कायदेतज्ज्ञ उगाच बोलून दाखवत नाहीत.

पण ‘झटपट आणि नक्की’ हाही काही रामबाण नाही. हवाईत २००४ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी परिवीक्षेवरच्या गुन्हेगारांसाठी नियम केला : अट मोडली की लगेच तुरुंग, पण थोड्याच दिवसांचा. पहिले निकाल झकास आले. मग अमेरिकेत चार ठिकाणी तोच प्रयोग नीट चिठ्ठ्या टाकून करून पाहिला, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. मला याचे नवल वाटले नाही. शिक्षेचे घड्याळ दुरुस्त केले, पण आमिषाच्या बाजूला कुणी हातच लावला नव्हता.

त्या बाजूला हात लावला तो ऑस्ट्रेलियात. डेव्हिड हॉस आणि मार्क डॅड्स यांनी चार ते आठ वर्षांच्या दांडग्या मुलांच्या आईबापांना शिकवणी दिली. निकाल २००५ मध्ये आले. शिकवणीचे दोन भाग होते : चांगल्या वागण्याला लगेच शाबासकी-बक्षीस, आणि वाईट वागण्याला ‘जा, कोपऱ्यात बस’. शाबासकीचा भाग सगळ्या मुलांना लागू पडला. कोपऱ्याचा भाग निर्दय, थंड स्वभावाच्या मुलांना फारसा लागू पडला नाही. आयोवातल्या ग्राझिना कोचान्स्का यांचे निरीक्षण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. भित्र्या मुलांत सदसद्‌बुद्धी हळुवार शिस्तीने रुजते. निर्भय मुलांत त्या शिस्तीचा काही उपयोग होत नाही. पण आईशी गट्टी असली, तिचे हसू हवेहवेसे असले, तर त्या वाटेने रुजते. धाकाचे दार बंद असले तरी हव्यासाचे उघडे असते.

इथे कुणी मला ‘गोंजारणाऱ्यांत’ टाकायच्या आधी एक सांगतो. नुसते गोंजारणेही चालत नाही. कॅनडात पेनेटँग्विशीन येथे साठ-सत्तरच्या दशकात सायकोपॅथांना गटात बसवून तासन्‌तास मन मोकळे करायला लावले. सुटल्यावर त्यांनी, उपचार न मिळालेल्या सायकोपॅथांपेक्षा, हिंसक गुन्हे जास्त केले. समोरच्याच्या मनातले कसे ओळखायचे, याचे प्रशिक्षणच त्यांना फुकट मिळाले असावे.

याच्या अगदी उलटा कारभार विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात चालतो. मेंडोटा हे १९९५ मध्ये सुरू झालेले केंद्र. बालतुरुंगांनाही आवरेनात अशी मुले तिथे येतात. तिथला कारभार पहारेकऱ्यांपेक्षा मानसोपचाराच्या लोकांच्या हाती आहे. दर दिवशी मुलाच्या वागण्याला गुण देतात, आणि आजच्या गुणांवर उद्याच्या सवलती ठरतात. वर्षाच्या शेवटी नव्हे, उद्याच. मुलगा अंगावर धावून गेला तर इतरत्र त्याला कोठडीत टाकून विसरतात. इथे त्याच्याकडे येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या वाढतात. मायकेल कॉल्डवेल आणि ग्रेगरी व्हॅन रायब्रोक यांनी अशा २४८ मुलांचा सुमारे साडेचार वर्षे माग काढला. नेहमीच्या व्यवस्थेतून गेलेल्यांच्या हातून १६ माणसे मेली. मेंडोटात पुरते राहिलेल्यांच्या हातून एकही नाही. मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय केंद्राला देता येणार नाही. तरी शून्य आणि सोळा यांच्यात बरीच जागा आहे.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, गुन्हा निर्घृण असेल तर, प्रौढ म्हणून खटला चालवायची वाट मोकळी केली. आधी बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक क्षमता जोखायची असते. मंडळ काय जोखते? त्याला परिणाम समजत होते का. न्यूमनच्या कैद्यांनाही ते समजत होते. कागदावर विचारले असते तर लाल रंगाचा अर्थ त्यांनी बिनचूक सांगितला असता. परिणाम ठाऊक असणे आणि तो ऐन वेळी आठवणे यातले अंतर कोणत्याच प्रश्नोत्तरात मोजले जात नाही. म्हणून तो मुलगा निर्दोष ठरावा असे मी म्हणत नाही. त्याला कोंडणे भाग असेल तर कोंडावेच, बाहेरच्यांच्या जिवासाठी. पण प्रौढांच्या तुरुंगात पाठवून त्याला धाक बसेल असे सांगू नये. तिथे त्याला सराईतांची संगत मिळेल, आणि संगतीतली बक्षिसे त्याला फार लवकर कळतात.

खरा अडथळा पुराव्याचा नाही, आपल्या पोटात उठणाऱ्या मळमळीचा आहे. गुन्हेगाराला सवलती? आणि जो मुलगा मुकाट अभ्यास करतो, आईला हातभार लावतो, त्याला काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की त्या गुणी मुलाला कौतुक, विश्वास, लोकांच्या नजरेतला मान ही बक्षिसे लहानपणापासून रोज मिळत आली आणि त्याला ती गोडही लागली. दुसऱ्याला एक तर ती मिळाली नाहीत, किंवा मिळूनही चव लागली नाही. त्याला गुण, सवलत आणि उद्या असे रोखीचे चलन लागते. कुणाला ही लाच वाटेल. मला ती मजुरीच्या जवळ जाणारी वाटते, कारण काम केल्याशिवाय मिळत नाही आणि काम थांबले की बंद होते.

मेंडोटाच्या हिशेबात एका डॉलरमागे सात डॉलर वाचले, असे त्याच अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडले. एवढा फायदा कागदावर असूनही ते पुढे बारा वर्षे एक लहानसे केंद्रच राहिले. राज्याने ते वाढवायचा कायदा केला २०१८ मध्ये, दुसऱ्या एका बालतुरुंगातल्या छळाच्या तक्रारी आणि खटले सरकारच्या गळ्याशी आल्यावर.